पातळ नळकांडे, त्यातील भोक आणि डच भाषेतील एक प्रबंध

स्थापत्यशास्त्राचे अध्यापन करणारे माझे एक मित्र गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक शब्द मागावयास आले. पोलादी धुराड्यांच्या रचनेवर ते मराठीत टिपणे लिहीत होते, आणि इंग्रजीत ज्या क्रियेला ‘बकलिंग’ म्हणतात तिला मराठी प्रतिशब्द त्यांस हवा होता. वर्गात गुरू आणि शिष्य दोघेही ‘बकलिंग’ असेच म्हणतात. परंतु छापावयाच्या मजकुरात तो शब्द ओळीओळीला येऊ लागल्याने त्यांस तो खुपू लागला होता. मी फारसा विचार न करता ‘बाक’ हा शब्द सुचविला. त्यावर त्यांनी माझ्याच मेजावरील कागदावर दोन आकृत्या काढल्या. एकीत उभ्या वेताच्या काठीवर वरून हात दाबलेला होता आणि काठी मधोमध लवलेली होती. दुसरीत पातळ पत्र्याचा डबा उभा होता, त्याच्यावर कोणी भार दिलेला होता, आणि त्याच्या अंगावर शंकरपाळ्यांच्या आकाराचे पोचे उमटलेले होते. “ह्या दोहोंना एकच शब्द कसा चालावा?” असे विचारून त्यांनी तिसरी आकृती काढली : तोच डबा, परंतु त्याच्या कुशीत एक भोक. “आणि माझा खरा प्रश्न तर हा आहे,” असे ते म्हणाले.

ह्या प्रश्नाचा माग काढीत असता जो इतिहास माझ्या हाती आला तो यंत्रशास्त्राचा आहे, आणि मी गणिती नव्हे. तरीही त्याविषयी लिहावयाचे धाडस करण्याचे कारण असे की, ह्या इतिहासातील दोन कळीचे ग्रंथ बराच काळ दुर्लक्षित राहिले, आणि त्या दुर्लक्षात भाषेचा वाटा लहान नव्हता. भोक पडलेल्या नळकांड्याचे कोडे उलगडण्यापूर्वी भोक नसलेल्या नळकांड्याचे कोडे उलगडणे आवश्यक होते. आणि त्याची किल्ली १९४५ पासून डच भाषेत पडून होती.

प्रथम शब्दाविषयी. इंग्रजीतील ‘बकल’ हे क्रियापद फ्रेंचमधून आले असून त्याच्या मुळाशी लॅटिनमधील ‘गाल’ ह्या अर्थाचा शब्द आहे. म्हणजे व्युत्पत्तीने पाहिले तर तो फुगणाऱ्या पृष्ठाचा शब्द होय; काठीच्या लवण्याला तो पुढे लागू झाला. जर्मन भाषेने ह्या दोन क्रिया वेगळ्या ठेवल्या आहेत : स्तंभ लवतो त्यास ‘क्निकेन’, आणि पत्रा चेपला जातो त्यास ‘बॉयलेन’. ‘बॉयले’ म्हणजे टेंगूळ किंवा पोचा. मराठीतही काठी ‘लवते’, तुळईला ‘बाक येतो’. परंतु कळशी ‘चेमटते’, तिला ‘पोचा पडतो’. कळशीला बाक आला असे कोणी म्हणत नाही. लोकभाषेने जो भेद सहज पाळला आहे तो केवळ आकाराचा नाही. लवलेली काठी लवलेल्या अवस्थेतही भार धरून राहते आणि हात काढताच सरळ होते. चेमटणाऱ्या डब्याचे तसे नसते. तो एका क्षणी भार सोडून देतो, आणि सोडण्यापूर्वी पुरेशी सूचनाही देत नाही.

काठीच्या लवण्याचे गणित ऑयलरने १७४४ मध्ये वक्रांवरील आपल्या ग्रंथाच्या परिशिष्टात मांडले. पातळ पत्र्याच्या नळकांड्यांचा प्रश्न त्या काळी उद्भवण्याचे कारणच नव्हते, कारण तशी नळकांडी कोणी बांधीत नव्हते. तो उद्भवला लोखंडाच्या युगात. वेल्समधील मेनाय सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सन ह्यास आगगाडीसाठी पूल बांधावयाचा होता, आणि आगगाडीच लोखंडी नळीतून न्यावी अशी त्याची कल्पना होती. १८४५ मध्ये विल्यम फेअरबेर्न ह्याने पत्र्याच्या गोल, लंबगोल आणि चौकोनी नळ्या घेऊन त्या प्रयोगात मोडून पाहिल्या, आणि ईटन हॉजकिन्सन ह्या गणितज्ञाने त्या मोडण्याचा अर्थ लावला. नळीचा तळ ताणाने फाटण्याऐवजी तिचा माथा दाबाने सुरकुतून जातो, हे तेथे प्रथमच ठळकपणे दिसले. शेवटी चौकोनी नळी निवडण्यात आली आणि तिच्या माथ्यात कप्पे बसविण्यात आले. ४६० फुटांच्या गाळ्यांचा तो ब्रिटानिया पूल १८५० मध्ये वाहतुकीस खुला झाला. गोल नळी मात्र मागे पडली, आणि तिचा सैद्धांतिक विचार पुढे पन्नासएक वर्षे रेंगाळला.

तो विचार पुरा झाला तो १९०८ ते १९१४ ह्या सहा वर्षांत. जर्मनीत लोरेंझ ह्याने १९०८ मध्ये, कीव्ह येथे असलेल्या तिमोशेन्को ह्याने १९१० मध्ये आणि इंग्लंडात साऊथवेल ह्याने १९१४ मध्ये जे सूत्र मिळविले ते विलक्षण साधे आहे. नळकांड्याच्या भिंतीची जाडी भागिले त्याची त्रिज्या, त्याला धातूच्या स्थितिस्थापकतेच्या गुणांकाने गुणावे, आणि आलेल्या संख्येचे सुमारे ०.६ पट घ्यावे : एवढा दाब आला की नळकांडे चेमटावयास हवे. उंचीचा त्यात संबंधच नाही. पोलादाच्या नळकांड्याची त्रिज्या जाडीच्या ५०० पट असेल तर हा दाब दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५० न्यूटन भरतो. म्हणजे साध्या पोलादाच्या नमनमर्यादेच्या आसपास. धुराडी, टाक्या व विमानांची अंगे बांधणाऱ्यांना आणखी काय हवे होते?

प्रत्यक्षात मात्र नळकांडी हे सूत्र जुमानीनात. विमानांच्या निमित्ताने अमेरिकेत व इंग्लंडात १९२० नंतर जे प्रयोग झाले त्यांत, विशेषतः लुंडक्विस्ट ह्याने ड्युरॅल्युमिनच्या नळकांड्यांवर केलेल्या व १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत, नळकांडी अपेक्षित भाराच्या निम्म्यावर, तृतीयांशावर, कधी त्याहूनही कमी भारावर चेमटली. एकाच पत्र्याची, एकाच हाताने केलेली दोन नळकांडीही सारखा भार घेईनात. काठीच्या बाबतीत सूत्र आणि प्रयोग ह्यांचा मेळ बसतो, आणि डब्याच्या बाबतीत तिपटीचे अंतर पडते, हा स्थापत्यशास्त्राच्या इतिहासातील एक लाजिरवाणा प्रसंग होय.

येथे एक मोह आवरावयास हवा. इंग्रजीत दोन्ही क्रियांना एकच शब्द असल्यामुळे इंग्रज व अमेरिकन शास्त्रज्ञ फसले, असे म्हणणे भाषाशास्त्राच्या अध्यापकाला सोयीचे आहे, परंतु ते खरे नाही. जर्मनांपाशी दोन शब्द होते आणि लोरेंझचे सूत्रही त्याच भाषेत लिहिले गेले. शब्दाने भेद दाखविला तरी त्या भेदाचे कारण शब्दात साठविलेले नसते.

कारणाकडे पहिले पाऊल डॉनेल ह्याने १९३४ मध्ये टाकले. खरे नळकांडे कधीही निर्दोष गोल नसते, त्याच्या भिंतीत आरंभापासूनच सूक्ष्म चढउतार असतात, आणि मोठ्या विक्षेपांचा हिशेब धरला तर ते चढउतार निर्णायक ठरतात, असे त्याने मांडले. १९४१ मध्ये मूळचा हंगेरीचा फॉन कार्मान आणि चीनहून आलेला त्याचा शिष्य चिएन श्वेसेन ह्यांनी दाखविले की, एकदा पोचे पडल्यानंतर नळकांडे मूळ भाराच्या कितीतरी कमी भारावर समतोलात राहू शकते. म्हणजे उंच कड्याच्या टोकावरून खाली खोल दरी आहे. परंतु कड्यावरचा माणूस तोल जाण्यापूर्वीच दरीत का पडतो, ह्याचे उत्तर त्यांच्या गणितात नव्हते.

ते उत्तर वॉर्नर कॉयटर ह्याने दिले. नेदरलँड्स जर्मन अंमलाखाली असताना, बाहेरच्या जगाशी विद्येची देवघेव तुटलेली असताना, ह्या तरुण इंजिनिअराने डेल्फ्ट येथे प्राध्यापक बीझेनो ह्यांच्या मार्गदर्शनाखाली स्थितिस्थापक समतोलाच्या स्थैर्यावर प्रबंध सिद्ध केला. देश मुक्त झाल्यावर, १९४५ च्या नोव्हेंबरात, तो विद्यापीठास सादर झाला. प्रबंधाची भाषा डच होती. त्यातील मध्यवर्ती विचार शब्दांत सांगता येण्याजोगा आहे : रचना किती भारावर ढळते एवढे जाणून भागत नाही, ढळण्याच्या त्या क्षणाला लागून तिचा पुढचा मार्ग चढता आहे की उतरता, हे पाहावयास हवे. मार्ग चढता असेल, जसा काठीचा, तर लहानसहान वैगुण्यांनी काही बिघडत नाही. मार्ग उतरता असेल, जसा नळकांड्याचा, तर अतिसूक्ष्म खोटही भाराचा मोठा हिस्सा खाऊन टाकते, आणि पहिली सूक्ष्म खोटच सर्वांत अधिक खाते. नळकांड्याभोवती कंकणाकार सुरकुत्या आहेत अशी कल्पना करून कॉयटरने पुढे १९६३ मध्ये इंग्रजीत जे सूत्र प्रसिद्ध केले त्यावरून मी आकडे काढून पाहिले. सुरकुतीची खोली भिंतीच्या जाडीच्या अवघी एक दशांश असली तर भारशक्ती सुमारे ६१ टक्क्यांवर येते; निम्म्या जाडीइतकी असली तर सुमारे ३५ टक्क्यांवर; पूर्ण जाडीइतकी असली तर २४ टक्क्यांवर. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात वीसांश मिलिमीटरची सुरकुती डोळ्यांस दिसणारही नाही, आणि तेवढ्याने दहातील चार वाटे भार नाहीसा होतो.

हे सारे १९४५ मध्ये छापलेले होते, आणि पुढील पंधरा-अठरा वर्षे बाहेरच्या जगाने ते जवळजवळ वाचलेच नाही. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कॉयटरचे इंग्रजी लेख आले, हार्वर्डच्या बुडियान्स्की व हचिन्सन ह्यांनी तो विचार उचलला, आणि १९६७ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ ह्या अवकाशसंस्थेने संपूर्ण प्रबंधाचे इंग्रजी भाषांतर काढले. प्रबंध आणि भाषांतर ह्यांच्यामध्ये बावीस वर्षे गेली. ह्या विलंबाचा सगळा दोष भाषेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. प्रबंधाचे गणित अवघड होते, युद्धोत्तर काळ विस्कळित होता, आणि तपासून पाहावयास लागणारी यंत्रगणना अजून बाल्यावस्थेत होती. परंतु डॉनेल १९५० मध्ये वैगुण्यांच्याच विषयावर पुन्हा नव्याने वाट काढीत होता, आणि वाट तर आधीच काढून ठेवलेली होती. कॉयटरने आपल्या मातृभाषेत लिहिले ही चूक होती असे मला वाटत नाही. ज्या भाषेत तो विचार करीत होता त्या भाषेत त्याने तो विचार पुरा केला. चूक असलीच तर ती, डचमधील प्रबंधात आपल्या कामाचे काही असेल हे ज्यांच्या मनात आले नाही, त्यांची होती. मराठीत निघणाऱ्या ह्या पत्रिकेच्या वाचकांपुढे ही गोष्ट मी अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

आता भोकाकडे. साध्या सपाट पत्र्यात गोल भोक असले तर त्याच्या काठाशी ताण तिप्पट होतो, हे कीर्श ह्या जर्मन इंजिनिअराने १८९८ मध्ये सिद्ध केले होते. नळकांड्याच्या वक्र भिंतीत हे प्रमाण आणखी वाढते. ते किती, ह्याचा पहिला पद्धतशीर विचार लेनिनग्राडच्या लुर्ये ह्याने १९४६ मध्ये केला. आणि तो रशियन भाषेत होता. त्यातून जी गोष्ट पुढे आली ती सामान्य बुद्धीला चकविणारी आहे. भोक लहान की मोठे हे नळकांड्याच्या घेराशी ताडून ठरत नाही. नळकांड्याची त्रिज्या आणि भिंतीची जाडी ह्यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढावे. जी लांबी येईल तीच त्या नळकांड्याची जन्मजात मोजपट्टी होय. भिंतीला कोठे ढोसले तर ती हालचाल साधारण एवढ्याच अंतरात विरून जाते, आणि नळकांडे सुरकुतू लागते तेव्हा त्याची अर्धी लाट ह्या लांबीच्या सुमारे १.७ पट असते. शीतपेयाच्या अॅल्युमिनियमच्या डब्याची त्रिज्या ३३ मिलिमीटर व जाडी ०.१ मिलिमीटर धरली तर ही लांबी २ मिलिमीटरांहूनही कमी भरते. एक मीटर त्रिज्येच्या व १० मिलिमीटर जाडीच्या धुराड्यात ती १०० मिलिमीटर असते.

भोक पाडलेली नळकांडी प्रत्यक्ष दाबून पाहण्याचे काम १९६० नंतरच्या दशकात जोमाने सुरू झाले. अवकाशयानांच्या अंगात तपासणीची दारे ठेवावी लागत, हे त्याचे निकडीचे कारण. टोरोंटोच्या टेनिसन ह्याने आधी एक मूलभूत गोष्ट केली होती. अत्यंत निर्दोष अशी प्लॅस्टिकची नळकांडी ओतून त्याने दाखविले की, खोट काढून टाकली तर जुने सूत्र दहाएक टक्क्यांच्या आत खरे ठरते. लोरेंझ, तिमोशेन्को आणि साऊथवेल ह्यांचे गणित चुकलेले नव्हते; ते अस्तित्वात नसलेल्या नळकांड्याचे गणित होते. मग १९६८ मध्ये त्याने अशाच नळकांड्यांत गोल भोके पाडून त्यांचा परिणाम मोजला.

परंतु ह्या विषयाला ज्याने आकार दिला तो प्रबंध जेम्स स्टार्न्स ह्याचा. तो १९७० मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे फॉन कार्मान व चिएन ह्यांच्याच संस्थेत, लिहिला गेला. स्टार्न्सने दोन प्रकारची नळकांडी घेतली : विद्युत्-विलेपनाने तयार केलेली सांधारहित तांब्याची, आणि मायलार नावाच्या चिवट प्लॅस्टिक-पटलाची. मायलारचा गुण असा की, चेमटून तो पुन्हा पूर्ववत होतो. त्यामुळे एकाच नळकांड्यातील भोक मोठे करीत करीत परिणाम पाहता येतो. तांब्याच्या नळकांड्यांच्या भिंतीची हालचाल तो भिंतीस स्पर्श न करणाऱ्या उपकरणाने मोजीत असे.

त्याला जे दिसले ते असे. भोकाची त्रिज्या वर सांगितलेल्या मोजपट्टीच्या सुमारे ०.४४ पटीहून कमी असेपर्यंत भोकाचा काहीच परिणाम दिसत नाही. त्याहून भोक थोडे मोठे झाले की भारशक्ती झपाट्याने उतरते, परंतु नळकांडे पूर्वीप्रमाणेच एकदम सर्वांगाने कोसळते. भोक आणखी मोठे केले की कोसळण्याची तऱ्हाच पालटते : भोकाच्या दोन्ही बाजूंस पोचा पडतो, तो तेथेच थांबतो, आणि नळकांडे तशा चेमटलेल्या अवस्थेत उभे राहते. पुढचे पतन नंतरचे.

ह्यांपैकी पहिली अवस्था मला सर्वांत बोलकी वाटते. भोक पाडूनही नळकांड्याला काही होत नाही, ह्याचा अर्थ भोक निरुपद्रवी आहे असा नव्हे. नळकांड्यात जन्मापासून असलेल्या अदृश्य खोटी त्या दिसणाऱ्या भोकापेक्षा अधिक घातक असतात, आणि नळकांडे चेमटावयाचे तर त्यांच्यापाशी आधी चेमटते. जेव्हा भोक त्या खोटींवर मात करण्याइतके मोठे होते, तेव्हाच ते सत्ता गाजवू लागते. म्हणून, माझ्या समजुतीप्रमाणे, भोक हे एक ज्ञात परिमाणाचे वैगुण्य होय, आणि कॉयटरच्या विचाराशिवाय स्टार्न्सच्या आकड्यांचा अर्थ लागत नाही. नळकांडे जितके निर्दोष, तितके लहान भोक त्याला जाचावे, हेही त्यातूनच ओघाने येते.

माझ्या मित्राच्या धुराड्याला हे लावून पाहू. भट्टीचा धूर ज्या वाटेने धुराड्यात शिरतो त्या वाटेसाठी तळाशी एक तोंड ठेवावे लागते. (जर्मन भाषेत त्या वाटेला ‘फुक्स’ म्हणजे कोल्हा असा शब्द आहे.) एक मीटर त्रिज्येच्या, दहा मिलिमीटर जाडीच्या धुराड्यात ८० मिलिमीटर व्यासाचे भोक सुखाने चालेल. परंतु ह्या तोंडाची रुंदी ६०० मिलिमीटर असावयाची. घेराच्या मानाने पाहिले तर हा दहावा हिस्साही नाही, आणि जुना कारागीर म्हणेल की दहावा हिस्सा पत्रा गेला तर दहावा हिस्सा बळ गेले. मोजपट्टीने पाहिले तर तोंडाची अर्धी रुंदीच तिच्या तिप्पट भरते. म्हणजे आपण सरळ तिसऱ्या अवस्थेत आहोत. तोंड गोल नसून चौकोनी असते हे लक्षात घेतले तरी निष्कर्ष बदलत नाही. म्हणून अशा तोंडाला चौकट लागते. चौकटीचेही एक गुपित आहे. जेवढा पत्रा कापला तेवढे लोखंड भोवती जोडून दिले म्हणजे झाले, असा जो समज असतो तो अपुरा आहे. काठाने आतबाहेर हलू नये हे चौकटीचे मुख्य काम; आणि ती बेसुमार दणकट केली तर आजूबाजूचा भार ओढून घेऊन ती शेजारच्या भिंतीस नवा त्रास देते. आलम्रोथ व होम्स ह्यांनी १९७२ मध्ये चौकटीसह व चौकटीवाचून असलेल्या चौकोनी तोंडांची नळकांडी दाबून ती संगणकाच्या हिशेबाशी ताडून पाहिली. आज पवनचक्कीच्या मनोऱ्याच्या तळाशी जे दार असते त्याची जाड चौकट ह्याच विचाराची वंशज होय.

आणि तरीही अज्ञात खोटींचा प्रश्न मिटलेला नाही. ‘नासा’ने १९६५ मध्ये काढलेल्या व १९६८ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत सूत्राने आलेला भार सरसकट कापण्याचा नियम होता : त्रिज्या जाडीच्या ५०० पट असेल तर ३२ टक्के धरा, हजारपट असेल तर २२ टक्के. हा नियम जुन्या चाचण्यांच्या सर्वांत खालच्या आकड्यांना धरून केलेला होता, आणि त्यावर अर्धशतक अग्निबाण बांधले गेले. मार्च २०११ मध्ये अलाबामातील हंट्सव्हिल येथे २७.५ फूट व्यासाचे व २० फूट उंचीचे अॅल्युमिनियम-लिथियमचे नळकांडे मुद्दाम दाबून चेमटविण्यात आले. त्याने जवळजवळ दहा लाख पौंड भार घेतला. अशा प्रयोगांनंतर २०२० मध्ये ती मार्गदर्शिका पुन्हा सुधारण्यात आली. पंचावन्न वर्षे लोक जे अधिकचे लोखंड व अॅल्युमिनियम वाहून नेत होते, ते आपल्या अज्ञानाचे वजन होते असे एका अर्थी म्हणता येईल. परंतु त्या वजनाने माणसे जिवंत ठेवली हेही विसरता येत नाही.

मित्राला मी शेवटी दोन शब्द दिले : स्तंभासाठी ‘लवणे’, आणि नळकांड्यासाठी ‘चेमटणे’. पहिला त्यांनी लगेच स्वीकारला. दुसरा ग्रांथिक भाषेत हलका दिसेल अशी शंका त्यांनी काढली, आणि ‘पृष्ठनमन’ असा एक संस्कृत पर्याय स्वतःच पुढे केला. मी त्यांस एवढेच विचारले की, त्यात भार एकदम सोडून देण्याचा अर्थ कोठे आहे? टिपणांच्या पहिल्या मुद्रितात ‘चेमटणे’ छापून आले आहे. समासात त्यांच्या हातचे पेन्सिलीचे प्रश्नचिन्ह अजून आहे.